दोन्या क्लोतिल्देचा आगमनकाळ

नाताळच्या दिवशी येशूजन्माचा गोठा बघायला येणारी माणसं दोन्या क्लोतिल्देला फारशी आवडायची नाहीत. ती त्यांना खुर्ची द्यायची, मक्याचे वाफवलेले तामाल वाढायची, पोरांच्या हातावर खाऊ ठेवायची, पण माणसं गेली की मला म्हणायची, "सगळं झाल्यावर काय, कोणीही येतं. रिकाम्या गव्हाणीपुढं कोण बसतं ते मला सांग, तांचा."

तांचा म्हणजे मी; आमच्याकडे बाईमाणसाला मानाने दोन्या म्हणतात, पुरुषाला डॉन. तिच्या घरासमोर माझी पावाची भट्टी आहे. माझ्या थोरल्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी तिनेच हातांवर धरलं होतं. म्हणजे ती मुलीची धर्ममाता आणि आम्ही दोघी एकमेकींच्या कोमाद्रे. आमच्या सान हासिंतो गावात हे नातं बहिणीपेक्षा चिवट असतं. बहिणीशी अबोला धरता येतो. कोमाद्रेशी भांडलं तरी दुसऱ्या दिवशी मीठ मागायला तिच्याच दारात जावं लागतं.

तिचा गोठा एका दिवसात कधी उभा राहायचा नाही. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या, पहिल्या रविवारी देवळातल्या चार मेणबत्त्यांच्या हिरव्या कड्यातली पहिली जांभळी मेणबत्ती लागली, की घरी येऊन ती भिंतीशी फळ्या मांडायची आणि त्यांवर जांभळं कापड घालायची. बस्स, तेवढंच. दुसऱ्या रविवारी डोंगर व्हायचे, जुने कागद रंगवून चुरगाळलेले. मग बाजारातून शेवाळ यायचं, रंगवलेला लाकडाचा भुसा यायचा, पिवळ्या रानफळांच्या माळा लागायच्या. तिसऱ्या, गुलाबी मेणबत्तीच्या रविवारी मेंढपाळ यायचे, टॉर्टिया थापणारी मातीची बाई यायची, मातीची कोंबडी यायची, आणि तिच्या मुलाने लहानपणी हट्टाने ठेवायला लावलेली एक खेळण्यातली बसही यायची. मरिया आणि योसेफ अगदी फळीच्या टोकाला असायचे. रोज संध्याकाळी रोझरीची जपमाळ झाली की ती त्यांना बोटभर पुढे सरकवायची. गव्हाण मात्र रिकामीच. येशूबाळ कपाटात, कापसात गुंडाळलेलं. एखादी शेजारीण म्हणालीच, "अहो दोन्या क्लोती, दाखवा ना, काचेचे डोळे आहेत म्हणे," की हिचं उत्तर ठरलेलं: "पोट दिसायला लागलं म्हणून कोणी मूल दाखवा म्हणतं का?"

ते चार आठवडे ती कॉफीत साखर घालायची नाही. ज्यांच्याशी वर्षभरात वाजलं असेल त्यांच्या दारात स्वतः जायची. एकदा माझ्याही दारात आली. मला भांडण आठवतसुद्धा नव्हतं. "तुला नसेल आठवत," ती म्हणाली, "मला आठवतंय, आणि ते घेऊन मी पापनिवेदनाला कशी जाऊ?"

तिचा नवरा तरुणपणीच गेला. त्याच्यामागे एकच मुलगा, वेन्सेस्लाओ. आम्ही सगळे लाओच म्हणतो. देखणा, धिप्पाड, गिटार वाजवणारा पोरगा. बसच्या टपावर सामान चढवायचं काम करायचा. मक्याचं पोतं उशीसारखं उचलायचा. पण बाटलीच्या नादाला लागला, आणि मग त्याला उचलायची पाळी आमच्यावर आली. कितीदा तरी पहाटे भट्टी पेटवायला उठले की तो माझ्या पायरीवर पडलेला असायचा. मी पलीकडे हाक मारायची, ती शाल गुंडाळून यायची, आणि आम्ही दोघी त्याला ओढत आत न्यायचो. ती रडायची नाही. "पाय धर, पाय धर," एवढंच म्हणायची.

तिने काय केलं नाही? एस्किपुलासच्या काळ्या ख्रिस्ताला नवस केला, गुडघ्यांवर चालत देवळात गेली. फादर रोमुलोंनी लाओला बोलावून शपथ घ्यायला लावली. ती त्याने पाळली, आणि मोडलीही. त्याच्यासाठी देवळात मिस्सेच्या प्रार्थना झाल्या, मेणबत्त्या झाल्या, कडू पाल्याचे काढे झाले. पोरगा काही उठेना.

त्याला उठवलं ते पलीकडच्या आळीतल्या, मूर्ती न मानणाऱ्या पत्र्याच्या चर्चवाल्यांनी. तिथला पास्टर उरियेल पूर्वी बस चालवायचा आणि लाओसारखाच पीत असे. एके दिवशी त्याने लाओला बाजारातल्या गटाराशेजारून उचलला, घरी नेला, आंघोळ घातली, आणि ताप-थरथर उतरेपर्यंत त्याच्या उशाशी बसला. लाओ घरी परत आला तेव्हा त्याच्या अंगावर पास्टरचाच शर्ट होता, बाह्यांना आखूड. त्यानंतर त्याने थेंब घेतला नाही. त्यांच्या चर्चमध्ये गिटार वाजवू लागला. तिथल्याच नोहेमी नावाच्या शांत मुलीशी लग्न केलं आणि तिला आईच्या घरी घेऊन आला.

क्लोतिल्दे आनंदाने वेडी झाली म्हणावं, तर तसं नव्हतं. ती आनंदी होती, पण चारचौघांत त्या चर्चचं नाव निघालं की गप्प व्हायची. देवळाची झाडलोट करणारे डॉन तिबुर्सियो एकदा म्हणाले, "काय हो, तुमचं पोरगं तिकडं टाळ्या वाजवतं म्हणे?"

"वाजवू दे," ती म्हणाली. "टाळ्या वाजवायला दोन्ही हात मोकळे लागतात. बाटली धरता येत नाही."

लग्नानंतरच्या पहिल्या आगमनकाळाच्या आदल्या दिवशी ती फळ्या पुसत होती. लाओ कामावरून आला आणि टोपी हातात धरून उभाच राहिला. हे सगळं मला तिने नंतर सांगितलं, शब्दन् शब्द.

"आई, यंदा हे मांडू नकोस."

"काय मांडू नको?"

"गोठा. पुतळे. आमच्यात चालत नाही. ज्या घरात राहतो त्या घरात मूर्ती नको, असं मी सगळ्यांपुढे कबूल केलंय."

"घर तुझ्या बापाने बांधलंय. त्याला विचारलंस?"

"आई, मी भांडत नाहीये."

"मग मीच भांडते. त्या फळीवर तुझी बस असते, लाओ. ती पण मूर्ती का?"

त्याने टोपी हातात फिरवली. मग हळू आवाजात म्हणाला, "मी अजून पक्का नाही झालो, आई. मला एकेक दगड ठेवत चालावं लागतंय. एक हलला की मी पडेन, असं वाटतं."

हे ऐकलं आणि तिने फळ्या भिंतीपासून काढल्या. दुसऱ्या दिवशी मिस्सेहून आल्यावर गोठ्याच्या सामानाची खोकी उचलून माझ्याकडे आली. शेवटचं खोकं नोहेमीने उचललं होतं. मुलगी दारातच थांबली, आत गोठा असणार म्हणून आत येईना, पण खोकं मात्र दोन्ही हातांनी जपून माझ्या हातात दिलं. "यात काच आहे," ती म्हणाली.

मी मनातून संतापले होते. "तू ऐकलंस कशाला?" मी क्लोतिल्देला म्हणाले. "आज गोठा गेला, उद्या तुझी रोझरी जाईल. सुनेच्या घरचं वारं आहे हे."

"सुनेला नावं ठेवू नकोस. रात्री माझ्या पायांना गरम पाण्याची पिशवी तीच देते."

"मग?"

"मग काही नाही. तुझ्या भट्टीच्या खोलीतली मोठी भिंत मोकळी कर."

अशी आगमनकाळाची मांडामांड माझ्याकडे आली. माझ्या भट्टीच्या उबेने डोंगरांचा कागद वाकायचा, शेवाळ लवकर सुकायचं. ती कुरकुरत त्यावर पाणी शिंपडायची. रोज संध्याकाळी रस्ता ओलांडून यायची, रोझरी म्हणायची, मरिया-योसेफाला सरकवायची आणि परत जायची. तिच्या घरात ती भिंत तशीच रिकामी राहिली. नोहेमीने तिथे काहीच ठेवलं नाही, कॅलेंडरसुद्धा लावलं नाही. मला वाटायचं, कोमाद्रे घरी गेल्यावर त्या भिंतीकडे बघून रडत असेल. एकदा विचारलं. ती म्हणाली, "रडू कशाला? फादर दर वर्षी सांगतात, मन रिकामं करा, जागा करा. मी दर वर्षी भिंत भरत होते. यंदा भिंत रिकामी आहे. पण कठीण आहे गं, तांचा. भरणं सोपं असतं."

मग पोसादाची संध्याकाळ आली. नाताळाआधीचे ते दिवस, रोज एका गल्लीची पाळी. मरिया-योसेफाची छोटी पालखी घेऊन दारोदार जायचं, गाण्यातून आसरा मागायचा, आतल्यांनी गाण्यातूनच नाही म्हणायचं, आणि शेवटच्या घराने दार उघडायचं. आमच्या गल्लीत ते शेवटचं घर कायम क्लोतिल्देचं असायचं. त्या वर्षी माझं होतं.

पालखी तशी लहान, पण जुन्या जड लाकडाची. पूर्वी ती उचलायला पुरुषांत भांडणं व्हायची. आता अर्धे पुरुष उत्तरेला, अमेरिकेत कामाला गेलेत, उरलेल्यांच्या कमरा गेल्यात. त्या दिवशी चार खांदे होते ते असे: पुढे डॉन तिबुर्सियो आणि शाळेच्या बाई मिर्ना, मागे मी आणि क्लोतिल्दे. तिला मी नको म्हटलं होतं. "तुझा गुडघा दुखतो."

"माझं घर चुकवून पालखी जाणार," ती म्हणाली. "निदान माझा खांदा तरी चुकवू नका."

पोरं पुढे कासवाच्या कवचावर टिपऱ्या वाजवत होती. वारा बोचरा होता. आमची गल्ली चढाची, गोट्यांनी बांधलेली, आणि सणासाठी लोकांनी तिच्यावर पाइनच्या हिरव्या सुया पसरलेल्या. दिसतात सुंदर, पायाखाली मात्र साबण. क्लोतिल्देच्या घरासमोर आलो आणि डॉन तिबुर्सियोंचा पाय घसरला. ते बसलेच. पालखी तिरकी झाली, योसेफाची टोपी उडाली, आणि चढामुळे सगळा भार मागे आला. क्लोतिल्दे एका गुडघ्यावर खाली गेली. पण दांडा तिने सोडला नाही. दोन्ही हातांनी धरून ती तशीच राहिली, आणि तिच्या तोंडून मी कधी न ऐकलेला आवाज निघाला.

लाओ दारात उभा होता. चर्चला निघालेला, पांढरा शर्ट, पाठीवर गिटार. नोहेमी त्याच्या शेजारी. सगळी गल्ली थांबली. टिपऱ्याही थांबल्या. मला त्याचा चेहरा दिसत होता. त्या चेहऱ्यावर काय चाललं होतं ते मी सांगू शकणार नाही.

नोहेमीने त्याच्या पाठीवरची गिटार काढून घेतली. एवढंच म्हणाली, "जा ना."

तो तीन ढांगांत आला. आईच्या हातातून दांडा घेतला आणि खांद्यावर ठेवला. क्लोतिल्दे उठली, शाल झटकली. धाप लागलेली, पण जीभ शाबूत. "मेल्यावर तर खांदा देशीलच. आज जिवंतपणी दे."

"बोलू नकोस, आई. चाल."

डॉन तिबुर्सियो उठले, मागे माझ्या जागी आले; मी पुढे गेले. लाओने एकट्यानेच मागचा जास्तीत जास्त भार घेतला. तो गायला नाही. आम्ही माझ्या दाराशी आलो, आसरा मागितला, आतून माझ्या मुलींनी नाही म्हटलं, पुन्हा मागितला. तो दांड्याखाली उभा, नजर जमिनीवर. दार उघडलं. त्याने पालखी उंबऱ्याच्या आत नेऊन टेबलावर ठेवली आणि वळला. मी गरम पोंचेचा पेला पुढे केला.

"यात काही आहे का, दोन्या तांचा?"

"अननस, मनुका, दालचिनी. तू प्यायला लागलास तेव्हापासून तुझ्या आईने या गल्लीतल्या पोंचेत रम पडू दिलेली नाही."

त्याने पेला दोन्ही हातांनी धरून रिकामा केला आणि निघून गेला. भिंतीवरच्या गोठ्याकडे त्याने पाहिलं की नाही, मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी बाजारात दुसरी गोष्टच नव्हती. आमची माणसं म्हणत होती, लाओ परत आला. मला हे ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. तिकडे त्यांच्या चर्चमध्येही कुजबुज पोचली. रविवारी लाओला जाब विचारायला सगळ्यांपुढे उभं करणार, असं कळलं.

क्लोतिल्देने हे ऐकलं आणि तिचा रंग उडाला. "लाज वाटली की तो पितो," ती म्हणाली. "आधीही तसंच झालं होतं." तिने तामालांची परडी भरली, आणि त्या आळीत, जिथे तिने आजवर पाऊल ठेवलं नव्हतं, पास्टर उरियेलच्या दारात गेली. मला बरोबर घेतलं, पण बजावून, "तू बोलायचं नाहीस."

पास्टर बुटका, जाड मिशांचा माणूस. त्याने आम्हाला बसवलं, कॉफी दिली. साखर घालायला लागला तर तिने पेल्यावर हात ठेवला.

"पास्टर," ती म्हणाली, "माझ्या मुलाने मूर्तीला खांदा दिला नाही. मला दिला."

"मला माहीत आहे, दोन्या क्लोतिल्दे."

"मग उभं कशाला करता?"

"कारण बाकीच्यांना माहीत नाही. आणि लाओ स्वतःच आला होता माझ्याकडे. म्हणाला, लपवून ठेवलं तर दारूसारखं होईल."

तिने पेला खाली ठेवला. परडीवरचं फडकं सारखं करत राहिली. मग म्हणाली, "आणखी एक सांगायचंय. तुम्ही माझा पोरगा मला परत दिलात. मी आभार मानायला आले नाही. मला लाज वाटत होती. इतकी वर्षं मी माझ्या देवापुढे गुडघे झिजवले आणि पोरगा मिळाला तुमच्या दारात. हे कोणाला सांगणार मी? या महिन्यात मी सगळ्यांच्या दारात जाते. तुमचंच राहिलं होतं."

पास्टरने मिशीवरून हात फिरवला. "देव काय दोन आहेत का, दोन्या?"

"देव एकच आहे," ती म्हणाली. "पण तुमचं नि आमचं जमत नाही, त्याला तो तरी काय करणार?"

तो मोठ्याने हसला. मीही हसले, बोलू नको म्हटलं होतं तरी. निघताना तो म्हणाला, "रविवारी तुम्ही या. मागे बसा हवं तर."

आगमनकाळाचा तो चौथा रविवार. सकाळी तिने आमच्याबरोबर मिस्सा ऐकली, चौथी मेणबत्ती लागलेली पाहिली, आणि मग शाल सारखी करून नोहेमीबरोबर पत्र्याच्या चर्चला गेली. पुढचं नोहेमीनेच मला सांगितलं. पास्टरने लाओचं नाव घेतलं. लाओ उभा राहिला. आणि त्याच्या शेजारी क्लोतिल्देही उभी राहिली. कोणीतरी मागून कुजबुजलं, "आजी, तुम्ही बसा, फक्त तो." ती म्हणाली, "मुलगा उभा आहे नि मी बसून कशी राहू?" चर्चभर ऐकू गेलं. लाओने जे झालं ते सांगितलं. आई पडली, मी उचललं. पास्टरने निकाल दिला: वर्ष संपेपर्यंत गिटार नाही. मग म्हणाला, दोघंही बसा. पुढच्या बाकावरची एक म्हातारी डोळे पुसत होती म्हणे.

त्यानंतर प्रवचन सुरू झालं आणि क्लोतिल्देला नोहेमीच्या खांद्यावर गाढ झोप लागली.

"कसं होतं?" मी विचारलं, ती दुपारी आल्यावर.

"गातात छान. आपल्यापेक्षा छान, पण फादरना सांगू नकोस. खुर्च्या मऊ आहेत. गुडघे टेकायला मात्र कुठे जागाच नाही. त्या माणसांचे गुडघे म्हातारपणी चांगले राहणार बघ."

लाओने त्या रविवारी बाटली धरली नाही, नंतरही नाही. मी घाबरत होते, सगळी गल्ली घाबरत होती. संध्याकाळी तो अंगणात बसून नोहेमीला मक्याचे दाणे सोलून देत होता. नाताळच्या आदल्या संध्याकाळी क्लोतिल्देने माझ्या घरी येशूबाळाला गव्हाणीत ठेवलं, आमच्याबरोबर एक गाणं म्हटलं आणि लगेच उठली. "मी जाते. घरी पोरं जेवायची थांबलीत." आपण हरलो किंवा जिंकलो असं काही तिच्या चालण्यात नव्हतं.

गोठा माझ्याकडेच राहिला, कायमचा. मला आधी वाटत होतं की पोरगा हळूहळू वळेल. तो वळला नाही, आणि तीही वळली नाही. लाओ आता त्या चर्चमधल्या तरुण पोरांना गिटार शिकवतो. चर्चमध्ये दिलेला शब्द त्याने पाळला. पालखीला त्याने पुन्हा हात लावलेला नाही.

क्लोतिल्देचा गुडघा त्या दिवसापासून गेलाच. पालखी उचलणं बंद झालं, पण पोसादाला येणं तिने सोडलं नाही. प्रत्येक दाराशी गाणं होईपर्यंत उभं राहवत नाही. म्हणून मिरवणुकीच्या मागून लाओ चालतो, डोक्यावर स्वयंपाकघरातली एक खुर्ची घेऊन. प्रत्येक दारी ती खाली ठेवतो, आई बसते, आम्ही गातो, मग तो खुर्ची उचलतो आणि पुढच्या दारी. यंदा डॉन तिबुर्सियोंनी त्याला चिडवलंच.

"काय रे लाओ, तुझ्या पास्टरला चालतं का हे?"

"विचारलं त्यांना," लाओ म्हणाला. "म्हणाले, खुर्चीबद्दल बायबलात काही नाही."